मदत हवी आहे: नर्सिंगचा अभ्यास मला झेपेल का? परवापर्यंत फी भरायची आहे

घणसोलीकर
नमस्कार. जरा पटकन सांगा प्लीज, परवा शेवटची तारीख आहे. नर्सिंगला जाऊ की नको? मनापासून करायचंय, पण अभ्यास झेपेल असं वाटत नाहीये. बारावी होऊन बरीच वर्षं झाली, केमिस्ट्री तेव्हाही काठावर, आता तर मोलॅरिटी म्हणजे काय तेही सांगता येणार नाही. दहावीपर्यंत मराठी मीडियम. शेजारच्या ताईने तिचं ॲनाटॉमीचं पुस्तक दिलंय, टिश्यूचं एक पान समजायला अख्खी संध्याकाळ गेली आणि सकाळी उठून बघितलं तर एपिथेलियमचे (अवयवांवरच्या पेशींच्या थराचे) प्रकार दोनच आठवत होते. भाऊ म्हणतो पैसे पाण्यात जातील. ज्यांनी केलंय त्यांनी खरं सांगा, साधारण डोक्याच्या मुलींना जमतं का हे?

पामबीच
सीईटीचं टेन्शन अजिबात घेऊ नका. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्लिश आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, १०० मार्कांचा पेपर. बायो आणि इंग्लिश पक्कं करा, ॲप्टिट्यूड कॉमन सेन्सवर निघतं. रोज एक पेपर वेळ लावून सोडवा. माझ्या मामेबहिणीने क्लास न लावता दिली.

रात्रपाळी
कोर्स कुठला ते लिहा ना आधी. एएनएम, जीएनएम हे डिप्लोमा की बीएससी डिग्री? तिन्हीचा अभ्यास वेगळा आहे. बारावी सायन्स होतं ना? वय काय?

मीनमेख
केमिस्ट्री कच्ची असेल तर नर्सिंगचा हट्ट कशाला. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करा. लॅबचं काम, नाइट कमी, पेशंटची कटकट नाही.

सौ_खारघर
मीनमेख, लॅबला केमिस्ट्री लागत नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला? उलट तिथेच जास्त लागेल.

घणसोलीकर
अहो सीईटी कधीच झाली, सीट लागलीये, म्हणून तर फी भरायची आहे ना. बीएससी, चार वर्षांचं. बारावी सायन्स, पीसीबी. वय २६. डीएमएलटी नकोय मला. तीन वर्षं एका पॉलिक्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, पेशंटशी बोलणं, त्यांना धीर देणं यातच मला बरं वाटतं. प्रश्न फक्त अभ्यासाचा आहे.

पामबीच
मग आधी सांगायचं ना, मी उगाच सीईटीवर लिहीत बसलो. बीएससी मिळालंय तर डोळे मिटून घ्या आणि पहिल्या वर्षापासून जर्मन शिका. महाराष्ट्र सरकारचा २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार झालाय, नर्सेसना मागणी आहे.

रात्रपाळी
तिला ॲनाटॉमीचं इंग्लिश जड जातंय आणि तुम्ही जर्मन शिकायला सांगताय.

ठाणेपूर्व_७५
माझं मत वेगळं आहे. भीती वाटते तर जीएनएम घ्या. तीन वर्षांत हातात नोकरी, बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्लिशसह ४० टक्के पुरतात. नंतर वाटलं तर जीएनएमवाल्यांसाठीचं पोस्ट बेसिक बीएससी करायचं. माझ्या वहिनीने तसंच केलं, आज वॉर्ड इन्चार्ज आहे.

रात्रपाळी
आणि त्या पोस्ट बेसिकला परत दोन वर्षं जातात ते? तीन अधिक दोन पाच झाले, इथे चारात होतंय. हातातली बीएससीची सीट सोडून जीएनएमला जा असं मी तरी कोणाला सांगणार नाही. आणि जीएनएमला ॲनाटॉमी नसते असं समजू नका, पहिल्याच वर्षी बायोसायन्समध्ये ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी असते.

ठाणेपूर्व_७५
पण ते सेमिस्टरचं प्रेशर नसतं. वर्षाची परीक्षा असते, तयारीला वेळ मिळतो.

रात्रपाळी
मी ठाण्यात सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, जीएनएम करूनच लागले, त्यामुळे जीएनएमला कमी लेखत नाहीये मी. तिची सीट लागलीये एवढंच म्हणतेय.

घणसोलीकर, आता नीट ऐक. तू म्हणतेयस त्या केमिस्ट्रीचा म्हणजे मोलॅरिटी वगैरेचा तुला फार कमी संबंध येणार आहे. पहिल्या सेमला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, सोशिऑलॉजी, सायकॉलॉजी, इंग्लिश आणि नर्सिंग फाउंडेशन. बायोकेमिस्ट्री दुसऱ्या सेमला येते आणि ती पेशंटच्या अंगाने शिकवतात, शुगर का वाढते, कावीळ झाली की बिलिरुबिनचं काय होतं, रिपोर्ट कसा वाचायचा. तीन वर्षं क्लिनिकमध्ये रिपोर्टच्या फाइली हाताळल्यास ना, त्यातले निम्मे शब्द तुझ्या कानावरून गेलेत. कोऱ्या पाटीने चालली नाहीयेस तू.

सौ_खारघर
माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, तीही मराठी मीडियमची. पहिल्या सेमला रोज रडून फोन करायची. एपिथेलियमचं म्हणाल तर तिने पाठ करणं सोडून दिलं आणि चित्रं काढायला लागली. फरशीसारख्या चपट्या पेशी काढल्या की खाली लिहायचं स्क्वेमस, चौकोनी काढल्या की क्युबॉइडल, उंच काढल्या की कॉलमनर, आणि प्रत्येक चित्राशेजारी ते शरीरात कुठे सापडतं ते. वहीचं एक पान, पुस्तक मिटून, परत परत. पेपर इंग्लिशमध्येच लिहावा लागतो हे खरं, पण वाक्यं छोटी लिहिली तरी चालतात, आकृती आणि लेबलिंग नीट हवं. दोन प्रकार आठवले म्हणून रडू नको गं, एकदा वाचून सगळे कोणालाच आठवत नाहीत.

मीनमेख
कॉलमनर नाही, कॉलम्नर.

घणसोलीकर
काकू, खूप आभार. रात्रपाळी ताई, तुमचेही. पण एक मेन गोष्ट राहिलीच लिहायची. नापास व्हायची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती गणिताची आहे. ताईच्या वहीत एक गणित होतं, बाळाचं वजन १० किलो, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचंय, सिरपच्या ५ मिलीत २५० मिलिग्रॅम आहे, तर किती मिली द्याल. मला सुरुवात कुठून करायची तेच कळेना. नुसता पॉइंट इकडचा तिकडे झाला तर बाळाला दहापट औषध जाईल. पेपरात नापास झाले तर परत देता येईल, हे कसं निस्तरणार?

गुरुजी_कळवा
बाळ, मी गणिताचा शिक्षक, आता निवृत्त. तुमच्या नर्सिंगमधलं मला काही कळत नाही पण हे सातवीचं त्रैराशिक आहे. आधी गरज काढ: १० किलो गुणिले १५, म्हणजे १५० मिलिग्रॅम. आता बाटली बघ: २५० मिलिग्रॅम ५ मिलीत, म्हणजे ५० मिलिग्रॅम १ मिलीत. मग १५० साठी? ३ मिली. सूत्र पाठ करू नकोस, एकावरून अनेक काढायची सवय लाव. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचंच, मिलिग्रॅम की मिली, तिथेच मुलं घसरतात.

आता तू एक सोडव. ५०० मिली सलाईन ४ तासांत संपवायचं आहे. सलाईनच्या नळीच्या सेटमधून २० थेंबांचा १ मिली होतो. मिनिटाला किती थेंब?

घणसोलीकर
५०० मिली म्हणजे १०,००० थेंब. ४ तास म्हणजे २४० मिनिटं. १०,००० भागिले २४० म्हणजे ४१.६६?? थेंब अर्धवट कसा पडेल पण

गुरुजी_कळवा
बरोबर आलं. ४२ धरायचं. आणि शंका अगदी योग्य विचारलीस.

मीनमेख
हे सगळं कशाला शिकायचं, आता इन्फ्युजन पंप असतात, आकडा टाकला की झालं.

रात्रपाळी
पंप आयसीयूत. जनरल वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते येऊन बघा एकदा, तिथे प्रत्येक बेडला पंप कुठून आणणार. आम्ही ड्रिप चेंबर डोळ्यासमोर धरतो, घड्याळाकडे बघत १५ सेकंद थेंब मोजतो, दहा-अकरा पडले की ४२ च्या आसपास आलं, नाहीतर नळीवरचा रोलर थोडा वर-खाली करायचा. पेशंटने हात वाकवला की स्पीड बदलतो म्हणून परत येऊन बघायचं. आणि पंपात टाकायचा आकडा तरी कोण काढतं? आपणच.

घणसोलीकर, दहापटीचं तुला जे वाटतंय ना, ते वाटायलाच पाहिजे. म्हणून तर इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड असली औषधं दोघींनी तपासून द्यायची पद्धत आहे. आणि उत्तर काढायच्या आधी अंदाज बांधायचा. दहा किलोच्या बाळाला ३० मिली सिरप असं उत्तर आलं तर हात तिथेच थांबला पाहिजे, छोट्या बाटलीतलं निम्मं औषध एका वेळी कोण पाजतं? हा अंदाज तुला आत्ताच येतो, क्लिनिकमध्ये रोज आयांना चमचे मोजताना बघतेस तू.

पामबीच
कॉलेज कुठे आहे? घणसोलीवरून रोज जाऊन-येऊन करणार असाल तर हॉस्टेल बघा, सकाळच्या वॉर्डच्या पोस्टिंगला ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी जीव काढते.

ठाणेपूर्व_७५
गर्दी ठाण्याला असते हो. घणसोलीतून पनवेलकडे सकाळी उलट्या दिशेने आरामात जागा मिळते.

पामबीच
तुर्भ्यापर्यंत उभंच राहावं लागतं, मी रोज करतो.

घणसोलीकर
कॉलेज पनवेल साइडला आहे, ट्रेन डायरेक्ट आहे, त्याचं बघीन मी. नापास झालं तर काय होतं ते सांगा ना कोणीतरी.

रात्रपाळी
थिअरीला ७५ चा पेपर आणि २५ इंटर्नल, पासिंग ५० टक्के, इंग्लिशला ४०. एखादा विषय राहिला तरी पुढच्या सेमला बसता येतं, पण पाचव्या सेमची परीक्षा द्यायच्या आधी मागचं सगळं क्लिअर पाहिजे. हजेरीचं मात्र कडक आहे, ८० टक्के, आणि क्लिनिकलचे तास शेवटी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. माझ्या बघण्यात अभ्यासाने सोडलेल्या मुली कमी, हजेरी आणि घरच्या कटकटींमुळे अडकलेल्या जास्त. तेव्हा भावाशी आत्ताच बोलून घे, सकाळी डबा कोण करणार इथपासून.

सौ_खारघर
सीट कॅपमधून (सरकारी प्रवेश फेरीतून) आहे का मॅनेजमेंट? कॅपमधून असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ आहे, २०२४ पासून. कॉलेजच्या ऑफिसात विचार, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरावा लागतो. भाऊ पैसे पाण्यात म्हणतोय त्याला आधी हे दाखव.

घणसोलीकर
काय सांगता! कॅप राउंडमधूनच आहे आणि आम्ही ओबीसी. हे कोणीच बोललं नव्हतं, काउंटरवर नुसता पूर्ण फीचा कागद दिला. उद्या सकाळी सुट्टी टाकून जाते. सीट घेतेय मी, भाऊ काय म्हणायचं ते म्हणो. गुरुजी, अजून दोन-चार गणितं टाकाल का? ऑगस्टपर्यंत रोज एक सोडवीन.

गुरुजी_कळवा
रोज टाकतो. आजचं: गोळी ०.५ मिलिग्रॅमची लिहून दिली आहे, हातात ०.२५ ची आहे. किती गोळ्या? आणि ०.२५ मधलं पहिलं शून्य का लिहायचं तेही सांग.

घणसोलीकर
दोन गोळ्या. शून्य नाही लिहिलं तर पॉइंट दिसणार नाही आणि कोणीतरी २५ वाचेल.

रात्रपाळी
बरोबर. अजून एक, उद्या ऑफिसात मेडिकल फिटनेसचा फॉर्मही माग आणि हेपाटायटिस बीची लस झालीये का घरी विचार. नसेल तर पहिला डोस लगेच घे, दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहाव्या महिन्यात असतो, वॉर्डात सुया हाताळायच्या आधी जितके होतील तितके झालेले बरे.