मदत हवी आहे : बांगलादेशसोबतचा तिस्ता नदीचा पाणीवाटप करार नक्की कशामुळे अडला?

नमस्कार. सांगलीत बीएच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. सोमवारी ‘देशांतर्गत राजकारण आणि परराष्ट्र धोरण’ घ्यायचं आहे, आणि एका ठिकाणी अडले आहे.

२००८ चा भारत-अमेरिका अणुकरार मुलांना लगेच कळतो. डाव्यांनी पाठिंबा काढला, तरी २२ जुलैला सरकारने २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास मिळवला. पण सप्टेंबर २०११ मध्ये पश्चिम बंगालच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी पंतप्रधानांच्या ढाका दौऱ्यातून अंग काढलं आणि तिस्ता पाणीवाटप राहिलं ते राहिलंच. राज्यघटनेच्या कलम २५३ प्रमाणे तर परदेशी कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद राज्यसूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते! कृष्णाकाठची मुलं आहेत, पाण्याचं राजकारण त्यांना घरूनच ठाऊक, हे विचारणारच.

‘तृणमूल आघाडीत होती म्हणून’ हे उत्तर मला पटत नाही. २०१२ मध्ये ती बाहेर पडली, २०१४ मध्ये सत्ताही बदलली. २०१५ मध्ये बांगलादेशसोबतच्याच भू-सीमा करारासाठी घटनादुरुस्ती लागली, तीही मंजूर झाली.

लोकसभेतली अणुकरारावरची चर्चा वाचली आहे. वाचनयादी नकोय, मुलांना मराठीत सांगता येईल असा युक्तिवाद हवाय. राज्याचा विरोध हे खरं कारण होतं की दिल्लीला सोयीची सबब, हे कशावरून ओळखायचं?