मदत हवी आहे: किनाऱ्यावरचा उकाडा घोडीला झेपतोय की नाही, कसं ओळखायचं?

अलिबागजवळ सहा वर्षांची मारवाडी घोडी आहे. मूळची खानदेशातली, दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. थंडीत छान चालली. एप्रिल लागल्यापासून नऊनंतर वीस मिनिटं दुडकी चालवली की धापा टाकते, सावलीतही नाकपुड्या फुललेल्याच. इथे तर ३३ अंशच आहे, तिकडे ४० सोसत होती! आणि थंडीत झूल लागेल का?

प्रतिसाद १
नुसतं तापमान बघू नका. घाम वाळला तरच घोडा निवतो आणि दमट हवेत तो वाळतच नाही. फॅरनहाइट तापमानात आर्द्रतेचे टक्के मिळवा. तिकडचे ४० अंश म्हणजे १०४, आर्द्रता २० धरली तर १२४. इथले ३३ म्हणजे ९१, अधिक ७०, झाले १६१! १३० च्या आत निर्धास्त, १५० पुढे हलकं आणि थोडंच काम, १८० ला खोगीर चढवूच नका.

हा झाला हवेचा हिशोब. घोडीचा वेगळा. काम थांबवून दहा मिनिटांनी कुशीची हालचाल १५ सेकंद मोजा, चारने गुणा. मग डाव्या कोपरामागे हात ठेवून ठोके. विश्रांतीत श्वास ८ ते १६, ठोके २८ ते ४४ असतात. श्वास ठोक्यांच्या वर गेला तर अंगातली उष्णता बाहेर पडत नाहीये. गुदद्वारातलं तापमान ४० च्या वर असेल तर लगेच पाणी ओता आणि डॉक्टरांना फोन करा.

प्रतिसाद २
घाम येतो का, ते आधी सांगा.

धागाकर्ता
खोगिराखाली थोडा, बाकी अंग कोरडं. गरम अंगावर गार पाणी घातलं तर अंग धरतं म्हणतात, म्हणून ओतत नाही.

प्रतिसाद २
मग हेच दुखणं असणार. दमट उष्ण हवेत काही घोड्यांचा घाम आटतो. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, तोवर काम बंद.

अंग धरण्याची भीती सोडा. मान, छाती, पाठ, मांड्या, सगळीकडे बादल्यांमागून बादल्या ओता, तापमान ३९ च्या खाली येईपर्यंत. ओलं गोणपाट टाकून ठेवू नका, खालचं पाणी तापतं आणि वाराही अडतो. प्यायला पाणी कायम समोर हवं. दाण्यात रोज ३० ग्रॅम मीठ, पण पाणी पीत असेल तरच.

प्रतिसाद १
झूल नको. पूर्ण केस असलेला धडधाकट घोडा कोरड्या हवेत ५ अंशांपर्यंत आरामात राहतो, आपल्याकडे तेवढी थंडी पडतेच कुठे? जुलैतला पाऊस आणि वारा जास्त वाईट, भिजून कापत उभी राहिली तर आडोसा द्या. ओली झूल मात्र चढवू नका, खाली कातडी सडते.