ओढणी केसांना नको, टोपीला टाचा

मध्ययुगीन युरोपीय पोशाखातली डोक्यावरची ओढणी घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंनी केसांतच आकडे खुपसायचे, असा सल्ला इथे कुणीतरी दिलाय; तो मला तरी अजिबात मानवला नाही. इंग्लंडात ट्यूक्सबरीला जुलैमध्ये १४७१ची लढाई त्या काळच्या पोशाखात पुन्हा उभी करतात, तिथे पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. ओढणी रेशमी, त्यात मोकळ्या मैदानावरचा वारा. जेवणापर्यंत कानशिलं ठणकायला लागली आणि ओढणी मानेवर. उरलेला दिवस एक हात डोक्यावर ठेवूनच काढला, लग्नात पदर सावरतात तसा!

खरी मेख आतल्या टोपीत आहे, आणि तिचं नाव अजून इथे कुणी काढलेलं नाही. नेदरलँड्समध्ये उडेनला चौदाव्या शतकातल्या स्वीडिश संत बिर्गिट्टाची म्हणून जपलेली लिननची टोपी आहे. दोन तुकडे मधोमध भरतकामाच्या जाळीने जोडलेले, आणि कडेला लांब बंद. वेण्या डोक्याभोवती गुंडाळून वर टोपी घालायची, बंदाला मानेमागे पीळ देऊन तो डोक्यावरून पुढे घ्यायचा. ताण वेण्यांवर येतो, कपाळावर नाही. मग ओढणी या टोपीला टाचायची, तीही लिननचीच. लिनन लिननला धरून राहतं. टाचणी बारीक पितळी घ्या आणि धावदोऱ्यासारखी आत-बाहेर-आत घाला, म्हणजे ती डोक्याला समांतर, आडवी बसते. टोक शेवटी कापडातच लपवा. माझ्या हातून एकदा राहिलं होतं, शेजारणीच्या बाहीत अडकलं.