जुन्या फायली, जुने फोटो आणि आपली मराठी अक्षरं: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची
परवा कराडला आत्याकडं माळा आवरताना एक सीडी सापडली. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'आजीच्या ओव्या, २००१'. हातात घेतली आणि तिथंच पायरीवर बसले.

त्या वर्षी मी सांगलीत हरभट रोडच्या मागं एका डीटीपी सेंटरला कामाला होते. पेजमेकरवर, म्हणजे छपाईची पानं मांडायच्या सॉफ्टवेअरवर, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. संध्याकाळी काम आटपलं की मालक म्हणायचे, "बस अजून तासभर, आजीचं काम कर." रात्री आजी सांगायची, मी वहीत उतरवायचे, दुसऱ्या दिवशी टाइप. २१२ ओव्या झाल्या. पप्पांनी प्रिंटला बाइंडिंग करून घेतलं. आजी २००४ ला गेली. वही आणि ती प्रत दोन्ही २०१९ च्या पुरात गेलं.

भाच्यानं फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून दिली. उघडली, पण ओव्यांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तेव्हाचे मराठी फॉन्ट तसेच होते, इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं. फॉन्ट नाही तर अक्षर नाही.

तरी त्या पेजमेकरवर माझा जीव आहे. समास, कॉलम, दोन ओळींमधलं अंतर, हे सगळं मी तिथं शिकले. फोटोचं असो की मजकुराचं, ज्या सॉफ्टवेअरनं तुम्हाला काही दिलं किंवा ऐनवेळी अडवलं, त्याबद्दल लिहा. आणि ओव्यांवर कुणाला उपाय माहीत असेल तर तोही सांगा.

तासगाव_टाइपसेटर
फॉन्टचं नाव काय दाखवतंय ते आधी सांगा. प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी होती. चुकीचा कन्व्हर्टर, म्हणजे जुनी अक्षरं आताच्या मराठीत बदलणारा प्रोग्राम, लावला तर कचऱ्याचा दुसरा कचरा होतो. घाई करू नका, सीडीची कॉपी दोन ठिकाणी ठेवा आधी.

कृष्णाकाठची
कॉपी केली दादा. नाव घरी जाऊन बघते, आत्ता बसमध्ये आहे.

मिरजेचा फोटोवाला
पुराचं वाचलं आणि हात थांबला. २०१९ ला पाणी ओसरल्यावर दोन महिने आमच्या स्टुडिओत फक्त भिजलेले अल्बम येत होते. काचेला चिकटलेले फोटो ओढून काढायचे नाहीत, फाटतात. काचेसकट स्कॅन करायचे, मग फोटोशॉप.

हीलिंग ब्रश आणि क्लोन स्टॅम्पनं डाग भरत बसायचं. एका फोटोला चार-चार तास. हीलिंग ब्रश २००२ साली सातव्या आवृत्तीत आला, त्याआधी सगळं क्लोनवर. त्याचा मोठा गुण म्हणजे बाजूच्या कातडीचा पोत उचलून आणतो आणि उजेड मात्र जागेवरचाच ठेवतो.

आता एआयवाली अ‍ॅपं आलीत, दहा सेकंदांत फोटो चकचकीत. एका ताईंनी घरीच तसा करून आणला. त्यांच्या आई बघून म्हणाल्या, "हे तुझे आजोबा नव्हेत." खरंच नव्हते. डोळे नवे, दात नवे, हनुवटीवरचा व्रण गायब. मशीनला जे दिसत नाही ते ते मनानं रचतं. मी मूळ स्कॅन घेऊन परत हातानं केलं आणि व्रण ठेवला. त्यांच्या आईंनी फोटोला हात लावून बघितला.

वाईची_सून
दादा व्रणाचं वाचून डोळ्यात पाणी आलं 🙏 आमच्याकडं सासऱ्यांचा एकच फोटो आहे, तोपण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून धुरकट झालेला. काही होईल का?

मिरजेचा फोटोवाला
मूळ कागदी फोटो शोधा ताई. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना फोटो लहान करतं, आणि जेपीजी परत परत सेव्ह केली की प्रत्येक वेळी थोडी माहिती जाते, ती परत येत नाही. कागद मिळाला तर ६०० डीपीआयला स्कॅन करून टिफमध्ये ठेवा, त्या प्रकारच्या फायलीत सेव्ह करताना माहिती जात नाही.

सदरबझार
मी सातारला माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझं दुखणं एकच, 'ऱ्य'. शाळेच्या अंकात मुलीनं लिहिलं होतं 'सह्याद्रीच्या दऱ्या'. छापून आलं 'दर्या'. दऱ्या कुठं आणि दर्या कुठं! पोरगी दोन दिवस बोलली नाही कुणाशी. ऑपरेटर म्हणाला फॉन्टात नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे हो, नुक्त्याचा ऱ घ्यायचा, हलन्त द्यायचा, मग य. आता मी प्रूफ स्वतः बघते, 'तऱ्हा', 'वाऱ्यावर', 'सातारच्या पुढाऱ्यांनी' सगळं.

वर्डबद्दल चांगलंच सांगेन. शीर्षकांना हेडिंग स्टाइल दिली तर अनुक्रमणिका आपोआप बनते, पानं बदलली तरी एका क्लिकवर ताजी होते. हे कळायच्या आधी मी १२० पानांचा प्रबंध हातानं आकडे घालून केला होता. आणि देवनागरीसाठी फॉन्ट वेगळा द्यावा लागतो, फॉन्टच्या चौकटीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' म्हणून खाली असतो. वरचा बदलून उपयोग नाही. कित्येकांना हे माहीत नसतं आणि ते कॉम्प्युटरला शिव्या देतात.

कोरेगाव_फ्लेक्स
कोरल. फ्लेक्सवाल्याला कोरलशिवाय जग नाही. चित्र काढायचं सॉफ्टवेअर, पण वेक्टर आहे, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांनी चित्र बनवतं, पोस्टकार्डाएवढं केलेलं नाव वीस फुटांवर नेलं तरी कड तुटत नाही. गिऱ्हाइकाकडून मात्र मोबाइलवरचा लोगो येतो, ६० केबीचा, आणि म्हणतात मोठा करा.

दुसऱ्या दुकानात फाइल द्यायची म्हणजे कंट्रोल क्यू, अक्षरांचे कर्व्ह. फॉन्ट असो नसो, जसंच्या तसं छापतं. पण मग ती अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार राहतात. एका पत्रिकेत मुहूर्त १२.३५ चा १२.५३ झाला होता, फाइल कर्व्हवाली, बदलता येईना, मूळ फाइल उडालेली. रात्री दीडला सगळी पत्रिका नव्यानं टाइप केली. तेव्हापासून दोन फायली ठेवतो, एक कर्व्हची, एक अक्षरांची.

पलूसकर
मुहूर्त गाठला का शेवटी?

कोरेगाव_फ्लेक्स
गाठला की. पत्रिका सकाळी अकराला हातात दिल्या. नवऱ्याच्या मामानं कंदी पेढे आणून दिले.

पलूसकर
पेढ्यावरनं आठवलं, सांगलीचा भडंग पुण्यात चांगला कुठं मिळतो? पोरगं हॉस्टेलला आहे, रोज विचारतंय.

वाईची_सून
इकडूनच पाठवा, तिकडचा नको 😄

विश्रामबाग
मी एका संस्थेत क्लार्क आहे, कुठल्या ते सांगत नाही. सभासदांचे आधार नंबर झाकायला पीडीएफवर काळी पट्टी मारून यादी गटावर टाकली होती. कुणीतरी पट्टीवरून कर्सर ओढून कॉपी केलं तर खालचे आकडे सगळे आले. पट्टी नुसती वर ठेवलेली असते, मजकूर खाली तसाच. मजकूर खरंच काढायचा तर रिडॅक्ट म्हणून वेगळी सोय असते ती वापरा. वर्डमध्ये फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फायलीतच राहतो, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज' केल्याशिवाय जात नाही. कृपा करून सगळ्यांनी बघा, लोकांच्या कागदांचा प्रश्न आहे.

सदरबझार
हे शाळेत सांगते उद्याच.

इस्लामपूरचा_पोर
विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून गिंप आणि इंकस्केप या फुकटच्या फोटो आणि चित्रांच्या सॉफ्टवेअरवर शिकलो. गिंपमध्ये वेलांटी, जोडाक्षरं काही सेटिंग न बदलता नीट येतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीला प्रेफरन्सेसमध्ये टाइपला जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावं लागतं, नाहीतर 'कि' ची वेलांटी क च्या पुढं जाऊन बसते. कुणाला येत असेल तर ते करून बघा.

गिंपची अडचण छपाईला. काम आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाच्या रंगांत चालतं, प्रेसला सीएमवायके, म्हणजे शाईचे चार रंग लागतात. मी केलेला शिवजयंतीचा भगवा स्क्रीनवर पेटलेला आणि कागदावर विटेसारखा. स्क्रीनचा उजेड शाईत येत नाही, हे तेव्हा कळलं. आता आधी प्रेसवाल्या काकांकडून नमुना काढून घेतो. २०२५ मध्ये गिंप ३ आलं, त्यात फिल्टर लावला तरी मूळ चित्र तसंच राहतं, नंतर बदलता येतो. दहावीतल्या पोरांना मी हेच शिकवतो, फुकट आहे आणि आपलं आहे.

कृष्णाकाठची
घरी पोचले. फॉन्टचं नाव मिळालं. तासगावच्या दादांना मेसेज केलाय.

तासगाव_टाइपसेटर
बघितलं. माझ्याकडं जुनं एक्सपीचं मशीन अजून झाकून ठेवलंय, त्या मराठी पॅकेजचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही अशी छोटी डबी, प्रिंटरच्या पोर्टला लावलेलं आहे. त्यावर तुमची पानं जशीच्या तशी दिसतील, आधी प्रिंट काढू. आजीचं पान कागदावर आलं की निम्मी काळजी मिटली. मग कन्व्हर्टर लावून युनिकोड करू. रफार आणि जोडाक्षरं गडबडतील, ती प्रिंट शेजारी ठेवून तुम्हीच दुरुस्त करायची. पैसे वगैरे विषय काढू नका.

मिरजेचा फोटोवाला
👏 आजीचा फोटो असेल तर पाठवा ताई, मुखपृष्ठाला लागेल.

कृष्णाकाठची
(रविवारी) तासगावला जाऊन आले. २१२ च्या २१२ कागदावर आल्या. पहिलं पान निघालं तेव्हा दादांच्या वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनीच मोठ्यानं वाचलं. चाल त्यांना येत होती.

आता युनिकोडचं करतेय. तिसऱ्या ओवीत 'कृ', मग चौकोन, मग 'ाबाई' असं आलंय. असे चौकोन बरेच आहेत, सगळे एकदम 'ष्ण' नं बदलू का?

तासगाव_टाइपसेटर
एकदम नको. त्या चौकोनांत 'क्ष' पण असतील, 'त्र' पण. एकेक बघा, प्रिंट आहे ना जवळ.

वाईची_सून
कृष्णाबाई म्हणजे आमच्या घाटावरची ओवी आहे की काय? पूर्ण झाली की इथं टाका ताई, सासूबाईंना वाचून दाखवते.