मदत हवी आहे: तणस घातलेलं प्लास्टिक तडकतंय

नमस्कार मंडळी. हिंगण्याला आमचं छोटं मोल्डिंग युनिट आहे. भंडाऱ्याहून धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, आणतो, वाळवून दळतो आणि पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकमध्ये ३० टक्के मिसळतो. शेतात ते जळू नये, ही मनापासूनची इच्छा.

त्यातून काढलेली पट्टी ताठ येते, पण हातातून पडली की तुकडे. तुटलेली कड भिंगाखाली पाहिली, तर तंतू अगदी स्वच्छ उपसून आलेले, त्यांना प्लास्टिक चिकटलेलंच नाही. तणसाच्या अंगावर मेण आणि सिलिका असते, मला तेच कारण वाटतं. मशीनचं बॅरल (प्लास्टिक वितळवणारी नळी) १९० अंशांवर ठेवतो. २०० च्या वर गेलं की जळका वास सुटतो. पाण्यात ठेवलेली पट्टी फुगतेही.

तंतूंना प्लास्टिक चिकटावं म्हणून मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेलं पॉलिप्रोपिलीन किती टक्के घालावं? आधी तणस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुवावंच लागतं का? नागपुरात कुणी हे करून पाहिलंय का?