४ जीबी रॅमवर भागतंय का?

राजारामपुरीकर: भावांनो, बहिणीला डेटा एंट्रीचं काम मिळालंय, घरात जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केला की चहा पिऊन होतो तरी डेस्कटॉप येत नाही आणि क्रोमचे तीन टॅब उघडले की माउस जागेवरच अडकतो. नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत. विंडोज ११ टाकू का लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम)?

रंकाळावाला: ११ ला कमीत कमी ४ जीबी असं मायक्रोसॉफ्टच सांगतंय, पण ते नुसतं चालू व्हायला रे, काम करायला न्हवं. वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पण लागतं. त्या वाटेला जाऊ नकोस.

शाहूपुरी रिपेअर: लिनक्स मिंटची एक्सएफसीई, म्हणजे हलकी आवृत्ती, टाक भावा, ४ जीबीवर लय मस्त चालते. पण खरं दुखणं हार्ड डिस्कचं आहे, रॅम भरली की सिस्टीम उरलेला माल डिस्कवर टाकते आणि फिरती डिस्क तिथंच दम सोडते, म्हणून आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसव. मागचं झाकण काढून दुसरा रॅम स्लॉट रिकामा आहे का बघ. आणि बहिणीला एक विचार, मॅक्रोवाली (आपोआप कामं करणाऱ्या आज्ञा भरलेली) एक्सेल फाइल देतात काय? ती लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवर एक्सेलच्या जागी वापरतात त्यात, नीट चालेलच असं नाही.

कळंबेकर: मी ॲपलचा एम१ चिपवाला मॅकबुक एअर लॅपटॉप वापरतो, ८ जीबी, मस्त चालतंय, पण त्यात रॅम नंतर वाढवता येत नाही. तुझ्यात येत असली तर नशीबवान आहेस.

राजारामपुरीकर: झाकण काढलं, स्लॉट रिकामा आहे! फाइल साधीच आहे म्हणाली. उद्याच एसएसडी आणतो.