एचपीव्ही पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल: रुग्णाला काय सांगावे?

प्रश्न (जनरल प्रॅक्टिशनर, धायरी, पुणे)
गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आजवर आम्ही पॅप तपासणीच (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) सुचवत आलो. आता मात्र एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारणीभूत असलेला, लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू, शोधणाऱ्या डीएनए तपासणीचे अहवाल घेऊन स्त्रिया थेट दवाखान्यात येतात. नुकत्याच आलेल्या ४२ वर्षांच्या बाईंना एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह, पॅप नॉर्मल असा अहवाल मिळाला होता. कागद टेबलावर ठेवत त्यांनी विचारले, "कॅन्सर झालाय का? पिशवी काढून टाकू का?" पॅप नॉर्मल असल्याने त्यांना वर्षभर थांबायला सांगावे, की आताच पुढे पाठवावे? तसेच ही तपासणी कोणत्या वयापासून व किती वर्षांनी सुचवावी?

उत्तर १ (स्त्रीरोगतज्ज्ञ, कर्वेनगर)
डॉक्टर, त्यांना थांबवू नका. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे एचपीव्हीचे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात, त्यामुळे यांपैकी एखादा आढळल्यास पॅप नॉर्मल असली तरी कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बारकाईने पाहण्याची तपासणी) करावी. इतर प्रकार आढळले आणि पुढील तपासणीत दोष दिसला नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार २४ महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही तपासणी करतात. सर्वसाधारण स्त्रियांसाठी ती तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी, तर एचआयव्हीबाधित स्त्रियांसाठी पंचविसाव्या वर्षापासून दर ३ ते ५ वर्षांनी सुचवली आहे. लस घेतलेल्यांनाही तपासणी चुकत नाही.

पिशवीविषयी मात्र ठामपणे सांगा. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतात, आणि कर्करोगपूर्व बदल आढळलाच तर बहुधा तेवढाच भाग जाळून किंवा कापून काढता येतो. केवळ अहवालाच्या धास्तीने गर्भाशय काढणे हा उपचार नव्हे. हा विषाणू वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो, त्यामुळे तो केव्हा आणि कोणाकडून आला हे अहवालावरून ठरत नाही, हेही आवर्जून सांगावे. घरात संशय शिरला की बाई पुढच्या तपासणीला येतच नाही, आणि तेच सर्वांत घातक.

उत्तर २ (वैद्यकीय अधिकारी, मुळशी तालुका)
सरकारी कार्यक्रमाच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयोगटासाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग पाहण्याची तपासणी आहे. तिला कमी लेखू नये. मुंबईत आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ती केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. तरीही २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यासात एकाच एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, तर एकदाच केलेल्या व्हीआयए किंवा पॅपमुळे लक्षणीय घट दिसली नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत तर पाहायचा भागच आत सरकतो, तेव्हा व्हीआयएवर विसंबू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. त्या बाईंना कोल्पोस्कोपीसाठी पाठवले आहे. लाजेमुळे आतून तपासणी नाकारणाऱ्यांना स्वतः नमुना घ्यायला सांगितले तर चालेल का?

उत्तर १
एचपीव्हीसाठी अवश्य चालेल. मात्र त्या नमुन्यावर पॅप होत नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह आल्यास आतून तपासावेच लागेल, हे आधीच सांगून ठेवा. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल, तर नमुन्याची वाट न पाहता स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारे साधन) लावून तपासा.